दिवेलागणीनंतरचं हसू



आमच्या घरी सूर्यास्ताच्या आत ताटं उचललेली असतात. हिवाळ्यात तर सहा वाजायच्या आधीच ओटा पुसून होतो. शेजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात, तेव्हा मी आणि सासूबाई (आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो) बाहेरच्या खोलीत मटार सोलत नाहीतर गवारी निवडत बसलेल्या असतो. समोर टीव्ही. आणि टीव्हीवर बहुतेक वेळा काहीतरी विनोदीच.

परवा मंडळात बोलता बोलता मी एका विनोदी कार्यक्रमातला किस्सा सांगितला. सगळ्या हसल्या. नंतर चपला घालताना एकीने हळूच विचारलं, "तुम्ही स्वाध्यायाला बसता, व्रतं करता, आणि असले कार्यक्रम बघता?" तिने काही टोमणा मारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला मात्र तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन दोन दिवस विचार केला, म्हणून आज हे लिहिते आहे. हे काही प्रवचन नाही. एका टीव्हीवेड्या, गाणीवेड्या बाईची मतं आहेत. पटली तर घ्या, नाही पटली तर हसून सोडून द्या.

माझं हे वेड जुनं आहे. लहानपणी आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि तिथे सतरंजीवर जागा धरायला आम्ही पोरं अर्धा तास आधी जायचो. 'चिमणराव'च्या आठवणी मोठ्या बहिणी सांगायच्या. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. मला स्वतःला आठवतं ते १९८४ सालचं 'ये जो है जिंदगी'. शरद जोशींचं लिखाण, शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी. आणि सतीश शाह! दर भागात हा माणूस वेगळाच कोणीतरी होऊन यायचा. आम्ही मुलं पैज लावायचो की आज तो कोण होणार. २०२५ च्या ऑक्टोबरात ते गेल्याची बातमी आली तेव्हा घरातलंच कोणी गेल्यासारखं वाटलं. मी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला घरी येणारा पाहुणाच की गं तो."

मग नव्वदीत 'देख भाई देख', 'श्रीमान श्रीमती', 'हम पांच'. 'हम पांच'मध्ये आपले अशोक सराफ पाच मुलींचे बाप होते. पहिली बायको वारलेली, पण तिचा भिंतीवरचा फोटो नवऱ्याशी बोलायचा आणि त्याची फिरकी घ्यायचा. त्या फोटोत प्रिया तेंडुलकर होत्या, ज्यांना आधी सगळा देश 'रजनी' म्हणून ओळखत होता. तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्याही घरी आम्ही तिघी बहिणीच. येणारा-जाणारा आईला "तिन्ही मुलीच का?" असं विचारायचा आणि आई खाली बघायची. टीव्हीवर पाच मुली घरभर धुडगूस घालताहेत, बाप डोक्याला हात लावतो आहे, पण मुली आहेत म्हणून घरात सुतकी कळा नाही, हे बघून आईला हसताना मी पाहिलं आहे. विनोदाने तिच्या पाठीवरचं ओझं अर्ध्या तासापुरतं तरी उतरवलं. तेव्हापासून विनोदी मालिकेला कोणी फालतू म्हटलं की मला राग येतो.

आता माझं पहिलं मत. चांगला विनोद कोणता, तर ज्यात घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या जागी थोडं वेडं असतं आणि तरी सगळी एकमेकांची असतात.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर सुरू झाली. प्रभावळकरांनी आधी वर्तमानपत्रात लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी ती केली. जो माणूस कधीकाळी चिमणराव होता तोच इथे आबा होऊन आला. सून आहे, मुलगा आहे, शलाका आणि शिऱ्या ही नातवंडं आहेत. घडतं काय? काहीच नाही. कोणाचा तरी वाढदिवस, कोणाचा तरी रुसवा, एखादी नको ती खरेदी. आणि दिवस संपला की आबा डायरी लिहितात. माझ्या लग्नानंतरची ती पहिली काही वर्षं होती. मामंजी कडक. जेवताना बोलायचं नाही, सुनेने समोर बसायचं नाही. पण टिपरे लागलं की ते मला आतून हाक मारायचे, "ये गं, लागलं." मी दारात उभी राहून बघायचे. वर्षभराने खुर्ची मिळाली. पुढे एक दिवस मामंजींनी मला बाजारातून डायरी आणायला सांगितली आणि रोज रात्री चार ओळी लिहायला लागले. ते गेल्यावर आम्ही ती उघडली. भाजीचे भाव, पावसाची नोंद, आणि एका पानावर, "सून आज हसली. बरे वाटले." एवढंच. मला सांगा, ही मालिका फालतू कशी म्हणू?

दुसरं उदाहरण 'साराभाई वर्सेस साराभाई'. ही २००४ सालची. तेव्हा फारशी कोणी बघितली नाही, नंतर लोकांनी डोक्यावर घेतली. सासू माया उच्चभ्रू, कफ परेडवाली. सून मोनिशा मध्यमवर्गीय, सेलमध्ये घासाघीस करणारी. तिचं मूळचं नाव मनीषा. ते सासूला फारच साधं वाटलं म्हणून तिने मोनिशा करून टाकलं! आपल्यापैकी कित्येकींची नावं लग्नात बदलली. ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं आणि झालं. तेव्हा कोणी विचारलंही नाही. ती गोष्ट त्या मालिकेत हसत हसत येऊन जाते आणि नंतर रात्री अंथरुणावर आठवते.

पण मला ती आवडते ती वेगळ्या कारणाने. माया मोनिशाला इतकं टोचून बोलते, तरी मोनिशा कधी बिचारी वाटत नाही. ती घाबरत नाही, बदलतही नाही. सासूची हौस आणि सुनेची काटकसर, दोन्हींवर लेखक सारखाच हसतो. रत्ना पाठक शाह आणि रूपाली गांगुली दोघी तोडीस तोड. 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा आणि सुप्रिया यांच्यातही तेच होतं. भांडण बरोबरीचं असलं की हसू येतं. एकीच्या हातात लाटणं आणि दुसरीच्या डोळ्यांत नुसतं पाणी असलं की ते भांडण राहत नाही, तो छळ होतो. रोजच्या रडक्या मालिकांत सून रडते आणि सासू डोळे वटारते, मागे ढोल वाजतो. त्या बघून माझं डोकं दुखतं. खरं सांगते, त्या बघण्यापेक्षा अर्धा तास हसलेलं बरं.

'तारक मेहता'बद्दल लिहिलं नाही तर तुम्ही मला मंडळात येऊ देणार नाही! तारक मेहतांच्या 'चित्रलेखा'तल्या गुजराती सदरावरून ही मालिका निघाली. २८ जुलै २००८ ला सुरू झाली आणि चार हजारांवर भाग होऊन गेले. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत दुपारी पोळ्या लाटतानाही तिचे जुने भाग चालू असतात. मला त्यातली माधवी भिडे फार आवडते. लोणची-पापडांचा धंदा घरातूनच सांभाळते, नवरा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मिरवतो, पण हिशोब हिचा चोख. आपल्यातल्या कितीजणी हेच करतात! फक्त आपण त्याला धंदा म्हणत नाही, "वेळ जातो" म्हणतो. माझी एक तक्रार आहे. पहिल्या काही वर्षांत जेठालाल आपल्याच आळशीपणामुळे आणि लपवाछपवीमुळे अडकायचा, ते खरं वाटायचं. पुढे गोष्टी ताणल्या गेल्या. एका हरवलेल्या वस्तूवर आठ-आठ दिवस! आणि २०१७ नंतर दयाबेन नाही, त्या घराला ओटाच नाही असं वाटतं. पण आजारी माणसाच्या खोलीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही निर्धास्त लावता येते, कोणी चोरून बघायला नको. हेही काही कमी नाही.

आता येते ज्यासाठी हे लिहायला बसले त्या गोष्टीकडे.

सध्या दिवस आहेत छोट्या प्रहसनांचे. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला आलं, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ ला. गावाकडची पोरं, नाटकवेडी पोरं, मेहनतीने पुढे आली. भाऊ कदमांचा नुसता चेहरा बघून अक्कांना हसू फुटतं. समीर चौघुले एका शब्दावरून पाच मिनिटं खेळतात. 'हवा येऊ द्या'त सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचायचे, अरविंद जगतापांनी लिहिलेलं. तासभर हसलेलं सभागृह त्या पत्राला एकदम गप्प व्हायचं. हसवणाऱ्या कार्यक्रमात रडवायची हिंमत ठेवली, याचं मला फार कौतुक आहे.

पण असल्या प्रकारचे कार्यक्रम आता पुष्कळ वाहिन्यांवर आहेत आणि रोज नवा विनोद आणायचा कुठून? मग सोपे रस्ते सापडतात. जाड बाई, काळा माणूस, टक्कल, बोबडं बोलणं, साडी नेसलेला पुरुष. त्या कार्यक्रमाचं नाव मी घेत नाही. एका रात्री असंच एक प्रहसन चालू होतं. एक जाड बाई येते, खुर्चीवर बसायला जाते आणि बाकीचे खुर्ची वाचवायला धावतात. मी हसले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझी धाकटी, तेरा वर्षांची, उठली आणि "अभ्यास आहे" म्हणून आत गेली. मला काहीच कळलं नाही. अक्कांना अलीकडे ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या टीव्हीपेक्षा आमच्या तोंडांकडे जास्त बघतात. त्या म्हणाल्या, "पोरगी हसत हसत नाही उठली."

दोन दिवसांनी तिने पोळीवर तूप नको म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळचा डबा तसाच परत आला. मी रागावले. मग रडत रडत बाहेर आलं. वर्गातली मुलं तिला त्या प्रहसनातल्या बाईच्या नावाने हाक मारतात. ती बाकावर बसायला गेली की दोघं-तिघं बाक धरायचं नाटक करतात. आणि मग ती जे म्हणाली ते अजून माझ्या कानात आहे. "आई, तू पण हसलीस ना."

मैत्रिणींनो, मी व्रतं मोजते. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून अंगणात वाकून चालते. पाणी गाळून घेते. आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझ्या हसण्याने माझ्या लेकराला लागलं. त्या मुलांनी बाक धरला, मी त्यांच्यात बसून टाळी वाजवली.

मग मी ग्रंथ उघडला. शिकवण्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. मोहनीय कर्माच्या भेदांत नऊ नोकषाय सांगितले आहेत, त्यांत पहिलंच नाव हास्याचं. शाळेच्या वयात पाठ केलं होतं तेव्हा मला हे कळायचंच नाही. हसण्यात काय वाईट आहे? शोक, भय यांच्या रांगेत हसू कशाला बसवलं? तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या भावना सांगताना क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितला आहे. कारण रागात माणूस खोटं बोलतो तसाच हसण्याच्या भरातही बोलतो. "गंमत केली" म्हटलं की सगळं माफ होतं ना! आणि अनर्थदंडाच्या अतिचारांत कंदर्प आणि कौत्कुच्य हे दोन शब्द येतात. पहिला अचकट-विचकट बोलण्यासाठी, दुसरा त्याला अंगविक्षेपांची जोड दिली तर. वाचून मला वाटलं, आमच्या टीव्हीवरचे निम्मे कार्यक्रम कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी बघून ठेवले होते!

म्हणून हसणंच सोडायचं का? मुनिमहाराजांचा मार्ग वेगळा. आपण श्रावक-श्राविका, संसारात आहोत. मला एवढंच समजलं की हसू आपोआप निष्पाप नसतं. ते कोणाच्या पैशाने येतं ते बघायला हवं. आबा टिपरे स्वतःच्या विसराळूपणावर हसवतात, तिथे खर्च त्यांचा. जेठालाल स्वतःच्या फजितीवर हसवतो. पण खुर्ची वाचवायला धावणारे आपल्या खिशातून काहीच देत नाहीत. सगळी किंमत ती बाई देते, आणि टीव्हीसमोर बसलेली तिच्यासारखी मुलगी देते.

कोणी म्हणेल, ती कलाकार स्वतःच तसं काम करते, पैसे घेते, तिला चालतं तर तुम्हाला काय? मला हे पटतं, अर्धं. तिचं पोट त्यावर आहे आणि ती गुणी आहे, यात शंका नाही. पण माझ्या मुलीने त्याचे पैसे घेतलेले नाहीत. तिने करार केलेला नाही. विनोद टीव्हीतून निघून शाळेच्या बाकावर पोचतो तेव्हा तिथे पडदा पडत नाही.

आता गाण्यांकडे वळते, कारण तिथेही असंच काहीसं झालं.

माहेरी सकाळ रेडिओने व्हायची. विविध भारतीवर रवींद्र जैन यांचं गाणं लागलं की वडील हातातलं काम थांबवायचे. 'चितचोर', 'गीत गाता चल', 'अंखियों के झरोखों से'. जन्मतः दृष्टी नाही, अलीगढहून आलेला माणूस, आणि गावरान, स्वच्छ चाली. त्यांनी येसुदास आणि हेमलता यांच्याकडून जे गाऊन घेतलं ते आजही मी पोळ्या लाटताना गुणगुणते. १९८७ साली रामानंद सागरांच्या 'रामायणा'ने त्यांचं संगीत घराघरात गेलं. २०१५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते गेले. वडील अभिमानाने म्हणायचे, "आपल्यातला आहे." मला आडनावापेक्षा गाण्यातला साधेपणा आपला वाटायचा.

तुम्हाला वाटेल मी जुन्यातच अडकले आहे. तसं नाही. 'ऐका दाजीबा' आलं तेव्हा मी वैशाली सामंतच्या आवाजावर फिदा होते. २००९ साली 'लिटिल चॅम्प्स'मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. अजय-अतुलची तर मी भक्तच. 'सैराट'साठी त्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद घेतला, आणि 'झिंगाट' वाजलं की ऐंशीच्या अक्काही मांडीवर बोटं आपटतात. संजू राठोडच्या 'गुलाबी साडी'वर २०२४ च्या लग्नसराईत आम्ही सगळ्या नाचलो, भर दुपारी बाराला, कारण लग्न दिवसाचं होतं! नाचण्याची गाणी वाईट असं माझं मत मुळीच नाही.

प्रश्न आला तो मिरवणुकीत. एका गावी कल्याणकाच्या मिरवणुकीला गेले होते. पालखी पुढे, मागे आम्ही डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. बँडवाल्याने आधी भजन वाजवलं, मग हळूच एक गाणं धरलं. नाव सांगत नाही, तुम्हाला माहीत असलेलंच, शब्द ऐकले तर कानावर हात ठेवाल असं. पोरं नाचायला लागली. मी बघितलं तर माझा पायही ठेका धरत होता. डोक्यावर कलश, समोर पालखी, आणि मनात त्या गाण्याचे शब्द.

भजनाच्या पुस्तिकांतही हेच. वर भजन आणि कंसात "चाल : अमुक तमुक". मी आमच्या मंडळातल्या भजन म्हणवून घेणाऱ्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओळखीची चाल असली की नव्या मुली येतात. नाहीतर आपण पाच म्हाताऱ्याच उरू." त्यांचं खोटं नाही. चाली उसन्या घ्यायची रीतही जुनी आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांच्या ओळखीच्या चाली वापरल्याच होत्या. चालीला जात नसते, धर्म नसतो.

पण चालीला आठवण असते. तुम्हीच करून बघा. ओळखीच्या नाचगाण्याच्या चालीवर भगवंताचं नाव घ्या. तोंडात भगवंत असतात आणि डोक्यात ती नटी. मग आपण ते भजन म्हणतो की गाणं? म्हणून माझं मत असं की सोज्वळ, शांत गाण्यांची चाल घ्यावी, आणि शक्य तिथे आपल्या पाळण्यांच्या, ओव्यांच्या चाली परत काढाव्यात. जन्मकल्याणकाला अक्का जो पाळणा म्हणतात तो त्यांच्या आजीकडून आलेला. त्याची चाल आमच्या घरात आता त्यांनाच येते. या वर्षी मी तो मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतला. मध्ये मध्ये त्या खोकतात, तेही तसंच ठेवलं आहे. मिरवणुकीचं म्हणाल तर बँडवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी आम्ही चार जणींनी जाऊन गाण्यांची यादी दिली. त्याने आनंदाने वाजवली.

टीव्हीचंही तेच केलं. बंद नाही केला. दशलक्षणाच्या दहा दिवसांत तो बंद असतोच, कापड घालून ठेवतो. एरवी एकच नियम केला आहे. बघता बघता घरातलं एक जरी माणूस न हसता उठून गेलं, तर रिमोट उचलायचा. मग कार्यक्रम कितीही गाजलेला असो. आणि कोण उठलं ते बघायचं काम अक्कांचं, कारण त्या तोंडं बघतात.

मुलीच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांशी बोलले. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. तूप ती अजून कमीच घेते. मी तिला "मनावर घेऊ नकोस" असं म्हणत नाही, कारण आम्हा बायकांना सगळ्यांनी आयुष्यभर तेच सांगितलं. मी तिला सांगितलं, "मी हसले ते चुकलं. पर्युषणाची वाट न बघता आत्ताच क्षमा मागते." ती काही बोलली नाही. उशी जवळ घेऊन बसली.

गेल्या रविवारी मी गवारी निवडत होते. आतून दोघींचे आवाज येत होते. जाऊन बघितलं तर धाकटीने मोबाइलवर 'साराभाई'चा जुना भाग लावला होता आणि अक्कांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं मराठीत सांगत होती. रोसेश आपली भयंकर कविता म्हणतोय, त्याचा बाप कपाळाला हात लावतोय, आई तेवढी कौतुकाने बघतेय. अक्कांना विनोद अर्ध्या मिनिटाने पोचत होता. म्हणजे आधी मुलगी हसायची, मग अक्का हसायच्या, आणि अक्का हसल्या म्हणून मुलगी परत हसायची. एका विनोदाला दोनदा हसू.

मी गवारीचं ताट घेऊन तिथेच बसले.

चपला घालताना विचारणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर हे असं आहे. हो, मी बघते. पण आता टीव्हीबरोबर घरातली तोंडंही बघते. तुमच्या घरी संध्याकाळी काय लागतं आणि कोण उठून जातं, पुढच्या भेटीत नक्की सांगा.

जय जिनेंद्र.